पेण-रोहे : खारातल्या दोन गावांची शिरगणती

कोणत्याही गावाचा इतिहास लिहायला बसले म्हणजे दोन प्रश्न पहिल्यांदा उभे राहतात. गाव कधी वसले, आणि गावात माणसे किती? पहिल्याचे उत्तर बखरीत, दानपत्रात नाही तर देवळाच्या आख्यायिकेत शोधले जाते. दुसऱ्याचे उत्तर सरकारी खानेसुमारीत मिळते असे आपण समजतो. माझा अनुभव असा आहे की या दुसऱ्या उत्तरावर पहिल्याइतकाच संशय घ्यावा लागतो. आकडा खोटा असतो असे माझे म्हणणे नाही. कोणाला मोजायचे, कोणत्या रकान्यात मोजायचे आणि कोणत्या महिन्यात मोजायचे, हे ठरवणाऱ्याच्या हातात त्या आकड्याचा अर्थ असतो, एवढेच मला दाखवायचे आहे. उदाहरणासाठी मी माझ्या जिल्ह्यातली पेण आणि रोहे ही दोन लहान गावे घेतो. हा जिल्हा १९८१ सालापर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जाई. तेव्हापासून त्याचे नाव रायगड आहे.

शाळेत वाळवंट म्हटले की राजस्थानचे चित्र दाखवीत. वाळू, उंट आणि डोक्यावर घडा घेऊन मैलभर चालणारी बाई. त्यातला तिसरा भाग आम्हाला चित्रात पाहण्याची गरज नव्हती. पेणच्या पश्चिमेला वाशी-शिर्कीच्या बाजूला जो खारेपाट पसरला आहे, तिथे पावसाळ्यात सव्वाशे इंचांपर्यंत पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात प्यायला पाणी नसते. तीन बाजूंनी खाडी, पायाखाली खारी माती, विहीर खणली तर पाणी मचूळ. हे पाण्यातले वाळवंट आहे. पेण तालुक्यात भोगेश्वरी नदीवर हेटवण्याचे धरण झाले, पण त्याचे पाणी नव्या मुंबईपर्यंत जाते आणि खारेपाटातली बाई हंडा घेऊन टँकरची वाट पाहते. पाणी नसणे हा नेहमी निसर्गाचाच दोष असतो असे नाही, हे आमच्याकडची पोरेही जाणतात.

ही जमीन निसर्गाने दिलेली नाही. माणसाने समुद्राकडून काढून घेतली आहे. खाजणात मातीचा बांध घालायचा, उधाणाचे पाणी बाहेर थोपवायचे, आतले पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी उघाडीतून सोडून द्यायचे, आणि दोन-चार पावसाळ्यांनी माती धुऊन निघाली की भात लावायचा, असा तो क्रम. खाऱ्या मातीतही टिकणारे राता जातीचे तांबडे भात इथे पिके. बांध हा सगळ्या जगण्याचा कणा. एका उधाणात बांधाला खांड पडली की शेकडो एकरांत खारे पाणी शिरते आणि ती जमीन पुन्हा गोडी होईपर्यंत काही वर्षे पडीक राहते. म्हणून जुन्या काळी बांधबंदिस्तीची जबाबदारी पत्करणाऱ्यास शिलोत्रीचे हक्क मिळत. गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून बांध राखण्याची प्रथाही होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबई राज्याने खारजमिनीचा कायदा केला, आणि १९७९ साली महाराष्ट्राने नवा कायदा करून हे काम सरकारकडे घेतले.

पुस्तकात हा इतिहास असा वाचायला मिळतो की अमुक इनामदाराने अमुक खार बांधला. बांधणारे हात त्यात नसतात. माझे आजोबा गावकीचे महार होते. बांधाला खांड पडली की रात्री-अपरात्री गावभर हाकारा घालणे हे त्यांचे काम. त्यांच्या हाकेने माणसे घराबाहेर पडत आणि चिखलाचे डिखळे खांद्यावरून वाहून खांड बुजवीत. त्या चिखलात कोण आगरी, कोण कोळी, कोण महार हे पाहायला वेळ नसे. बांध सावरला, सकाळ झाली, की पुन्हा ज्याची त्याची जागा ठरलेली. आजोबांना भाकर वरून टाकली जाई. समुद्रापासून जमीन वाचवताना विटाळ होत नव्हता, पाणी पिताना होत होता. या एका गोष्टीत आमच्या गावचा सामाजिक इतिहास मला सगळा सापडतो.

आता रोह्याकडे वळू. पेण भोगावतीच्या काठी, तर रोहे कुंडलिकेच्या काठी. नदीच्या एका अंगाला रोहे आणि दुसऱ्या अंगाला अष्टमी, म्हणून दोहोंचे मिळून रोहे-अष्टमी असे नाव पडले. कुंडलिकेची खाडी पुढे चौल-रेवदंड्याशी समुद्राला मिळते. या वाटेने माल वर येई आणि घाटाकडे जाई. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला आलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन याच वाटेने अष्टमीवरून रायगडाकडे गेला. त्याच्याही कितीतरी आधीच्या खुणा रोह्याच्या दक्षिणेला, राजपुरीच्या खाडीजवळ कुड्याच्या बौद्ध लेण्यांत आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांत दान देणारे जसे महाभोज सत्ताधीश आहेत, तसेच एक वैद्य आणि एक फुलमाळी यांचीही नावे आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या खाडीकाठच्या फुलमाळ्याला आपले नाव दगडावर कोरता आले. पुढच्या काळात त्याच खाडीकाठी रात्रभर बांध सावरणाऱ्याचे नाव कागदावरही आले नाही. ही प्रगती म्हणायची की अधोगती, ते वाचकांनी ठरवावे.

रोहे हे खऱ्या अर्थाने सरहद्दीवरचे गाव होते. रोहे तालुक्याला लागून जंजिऱ्याच्या सिद्दीचे राज्य होते. लोक त्याला हबसाण म्हणत. मुरूड, म्हसळे, श्रीवर्धन हा त्याचा मुलूख. १९४८ साली संस्थान विलीन होऊन तो मुलूख कुलाबा जिल्ह्यात आला. तोवर इकडे इंग्रजी अंमल आणि डोंगरापलीकडे नवाबाचा अंमल असे चालले होते. सरहद्द म्हटली की आपल्याला तारेचे कुंपण आठवते. इथे कुंपण नव्हते, पण कायदा बदलत होता. सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेला ठराव १९२३ साली संमत झाला आणि सरकारी खर्चाने चालणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली झाली. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी परिषद घेऊन चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले, तेव्हा त्या कृतीला या ठरावांचा आधार होता. मुंबई सरकारचा ठराव हबसाणात लागू नव्हता. म्हणजे एकाच जातीची, एकाच बोलीची, एकमेकांत सोयरीक असलेली माणसे. पण अल्याडच्याला निदान कागदावर पाण्याचा हक्क, पल्याडच्याला तोही नाही. अल्याडच्यालाही तो हक्क कागदावरून ओंजळीत आणायला डोकी फोडून घ्यावी लागली, हे महाडने दाखवलेच. सरहद्द राज्यांच्या मध्ये असते तशी ती गावाच्या मध्येही असते. राज्यांमधली सरहद्द १९४८ साली पुसली गेली. गाव आणि महारवाडा यांमधल्या सरहद्दीला विलीनीकरणाची तारीख नाही.

या जिल्ह्यातली माणसे गप्प बसली असा याचा अर्थ नव्हे. महाडजवळच्या रावढुळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन आले आणि १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहून त्यांनी धर्मशास्त्र्यांना सवाल केले. पेणच्या शेजारी अलिबाग तालुक्यात चरी येथे १९३३ साली खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. पंचवीस गावांच्या कुळांनी जमिनी पडीक टाकल्या, जंगलातली लाकडे विकली, उपास काढले, पण १९३९ सालापर्यंत संप मोडू दिला नाही. १९३४ साली बाबासाहेब चरीला आले. १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. संपातली बहुसंख्य कुळे आगरी होती हे मुद्दाम सांगतो; कारण बाबासाहेब फक्त महारांचे पुढारी होते असे म्हणणाऱ्यांना चरीच्या पडीक शेतांनी केव्हाच उत्तर दिले आहे. पुढे १९४९ साली कायद्याने खोती गेली. १९४८ च्या कुळकायद्याने आणि १९५७ च्या कृषकदिनाने कुळे मालक झाली. पण ज्याचे नाव कागदावर कुळ म्हणून होते तोच मालक झाला. जो कुळाच्या शेतात राबत होता, ज्याचा मोबदला बलुत्यात आणि शिळ्या भाकरीत मिळत होता, त्याचे नाव कोणत्या रकान्यात होते? इथे पुन्हा प्रश्न मोजणीचाच येतो.

आता शिरगणतीकडे येऊ. आपल्या मुंबई इलाख्यात १८७२ साली पहिली खानेसुमारी झाली आणि १८८१ पासून दर दहा वर्षांनी सगळ्या देशात एकाच वेळी होऊ लागली. १९०१ साली सगळ्या कुलाबा जिल्ह्याची वस्ती सहा लाखांच्या आसपास होती. २०११ साली रायगड जिल्ह्याची वस्ती २६ लाख ३४ हजार २०० भरली. पेण शहरात सुमारे ३८ हजार आणि रोहे-अष्टमीत सुमारे २० हजार माणसे मोजली गेली. शंभर-सव्वाशे वर्षांत जिल्हा चौपटीहून अधिक वाढला, आणि त्यातली मोठी वाढ पनवेल-नव्या मुंबईच्या बाजूची. पेणचे गणपती, पोहे आणि पापड सगळ्या महाराष्ट्रात जातात. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल कारखाना, पेण तालुक्यात डोलवीचा पोलाद कारखाना आला. १९८६ साली रोह्यापर्यंत रेल्वे आली आणि १९९८ साली तिथून पुढे कोकण रेल्वे सुरू झाली. आजही मध्य रेल्वेची हद्द रोह्याला संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. रोह्याच्या नशिबी सरहद्द आहेच.

हे झाले वरवरचे. आता आकड्यांच्या आत पाहू.

पहिली गोष्ट रात्रीची. १९३१ पर्यंतची खानेसुमारी एका रात्रीची असे. त्या रात्री जो जिथे सापडेल तिथे तो मोजायचा. आमच्या वाड्यातले कर्ते पुरुष गोदीत, गिरणीत, रेल्वेत मुंबईला. त्यांची घरे, बायकापोरे, म्हसोबा आणि भांडणे सगळी पेण-रोह्याकडे. पण ते मोजले जायचे परळ-नायगावच्या चाळीत. मुंबईच्या इतिहासात ते ‘कोकणातून आलेले मजूर’ आणि गावच्या इतिहासात ते नाहीतच. दोन्ही ठिकाणी राबून दोन्ही ठिकाणच्या इतिहासाबाहेर राहण्याची ही कला आमच्या लोकांना कोणी शिकवली नाही, परिस्थितीने शिकवली.

दुसरी गोष्ट रकान्याची. १९३१ पर्यंत प्रत्येकाची जात लिहिली आणि छापली जाई. स्वातंत्र्यानंतर १९५१ पासून फक्त अनुसूचित जाती आणि जमाती मोजल्या जाऊ लागल्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि आमच्या वाड्यांतून देव्हारे निघाले. १९५१ साली महाराष्ट्रात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आत होती. १९६१ साली ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. दहा वर्षांत, तलवारीवाचून, लाखो माणसांनी आपला रकाना स्वतः बदलला. आपल्या देशाच्या खानेसुमारीच्या इतिहासात याला तोड नाही. पण अनुसूचित जातीत तेव्हा हिंदू आणि शीख यांचीच गणना होत होती. त्यामुळे १९६१ साली राज्यातले अनुसूचित जातींचे प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या आसपास खाली आले. माणसे तीच, वाडा तोच, पाणवठ्याचे अंतर तेच. पण कागदावर अस्पृश्यता अर्धी झाली. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती चालू ठेवल्या. केंद्राच्या सवलतींसाठी १९९० सालापर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी बौद्धांचाही समावेश करणारी दुरुस्ती झाली आणि १९९१ साली हे प्रमाण एकदम अकरा टक्क्यांवर गेले. मधली तीस-चाळीस वर्षे जी पिढी शिकली, नोकऱ्या शोधीत फिरली, तिने स्वाभिमानाची किंमत रोख मोजली. तिच्या त्यागाचा आकडा कोणत्या तक्त्यात आहे?

आमच्या घरी मोजणीला आलेले शाळामास्तर मला आठवतात. बाबांना त्यांनी नाव विचारले, घरातली माणसे विचारली आणि धर्माच्या जागी न विचारता लिहून पुढे गेले. बाबा म्हणाले, “गुरुजी, धर्म काय लिवलात ते वाचून दाखवा.” मास्तर म्हणाले, “हिंदू. तुम्ही लोक हिंदूच की रे.” बाबांचे वय तेव्हा मास्तरांच्या वडिलांएवढे. बाबा उठले, आतून चष्मा घेऊन आले आणि म्हणाले, “छप्पन सालापर्यंत होतो गुरुजी. आता बौद्ध लिवा. मी बघतो.” मास्तरांनी खोडून लिहिले. बाबा चौथी शिकलेले होते. पण ज्या वाड्यात चष्मा घेऊन उठणारा कोणी नव्हता, तिथे काय लिहिले गेले असेल, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

तिसरी गोष्ट महिन्याची, आणि ही सगळ्यांत कमी बोलली जाते. आपल्याकडची खानेसुमारी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. २०११ साली मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली. या दिवसांत पेण-रोह्याच्या डोंगरपायथ्याच्या कातकरी वाड्यांवर जाऊन पाहावे. दारांना काट्या लावलेल्या दिसतील. एखादी म्हातारी, एखादे कुत्रे. बाकी सगळे वीटभट्टीवर. दिवाळीनंतर मुकादम उचल देऊन कुटुंबे घेऊन जातो, ती पावसाच्या तोंडावर परततात. पूर्वी हे लोक खैराचा काथ करीत, म्हणून कातकरी वा काथोडी. जंगलावर सरकारी राखण बसली, काथ गेला, मग कोळसा आला, तोही गेला, आणि वीट आली. राज्यातल्या ज्या तीन जमाती विशेष दुर्बल म्हणून नोंदल्या आहेत, त्यांतली एक ही. मोजणीच्या सबंध काळात जो घरी नाही, तो जिथे असेल तिथे मोजायचा असा नियम आहे. नियम म्हणून ठीक. पण भट्टीच्या आडोशाला बांधलेल्या खोपटात प्रगणक पोचला का? पोचला तर मुकादमाने सांगितलेला आकडा लिहिला, की माणसे पाहून लिहिला? आणि तिथे मोजले गेले तरी वाडीची संख्या कमीच भरणार. संख्या कमी म्हणून अंगणवाडी नाही, रस्ता नाही, नळ नाही. वाडीची जमीन तर बहुधा दुसऱ्याच्याच नावावर. २०११ च्या मोजणीत रायगड जिल्ह्यात अनुसूचित जाती पाच टक्क्यांच्या आसपास आणि अनुसूचित जमाती साडेअकरा टक्क्यांच्या आसपास आहेत. मी हे आकडे वाचतो तेव्हा मला त्या काट्या लावलेल्या दारांची आठवण होते.

मोजून घेण्याचे महत्त्व या भागाने एकदा स्वतःच दाखवून दिले आहे. पेण, उरण, पनवेल तालुक्यांतल्या पंचेचाळीस गावांच्या जमिनी विशेष आर्थिक क्षेत्रासाठी घ्यायच्या ठरल्या, तेव्हा हेटवण्याच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारला लोकांचे मत घ्यावे लागले. शेवटी ते क्षेत्र झाले नाही. खारेपाटातल्या शेतकऱ्याने तिथे आपले मत मोजायला लावले, ही मोठी गोष्ट. मात्र तिथेही मत सातबारावर नाव असलेल्याचे होते. मिठागरात, भातशेतीत, बांधावर मजुरी करणाऱ्याचे पोट त्या जमिनीवरच होते, पण त्याला मत नव्हते.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण आहे. २०२१ ला व्हायची खानेसुमारी झाली नाही. आता १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून ती होणार आहे आणि तीत प्रत्येकाची जात नोंदवली जाईल असे केंद्र सरकारने २०२५ साली जाहीर केले आहे. १९३१ नंतर प्रथमच. आमच्या लोकांत त्यावर दोन मते आहेत. काही म्हणतात, जात टाकली म्हणून बौद्ध झालो, आता पुन्हा जात कशाला सांगायची? त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. माझ्या बाबांची भावना तीच होती. पण २०११ सालचा हिशेब पाहावा. महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाखांवर. त्यांतले अनुसूचित जातीत नोंदले गेलेले सुमारे ५२ लाख. उरलेल्या तेरा लाखांतले किती जण ‘नवबौद्ध’ असे लिहून किंवा जातीचा रकाना मोकळा सोडून यादीबाहेर राहिले असतील? अनुसूचीत जातींची नावे आहेत. ‘नवबौद्ध’ हे नाव तीत नाही. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात अनुसूचीतले नाव, ही १९९० पासून कायद्याने मोकळी असलेली वाट आहे. धर्म आपण निवडला, तो अभिमानाने सांगायचा. जात आपण निवडली नव्हती. ती आपल्यावर लादली गेली, आणि लादणाऱ्यांकडून तिची भरपाई मागताना पावती म्हणून ती दाखवावी लागते. पावती दाखवणे म्हणजे कर्जाचे समर्थन करणे नव्हे.

आणि आपल्यापुरते पाहून भागणार नाही. बौद्धवाड्यातले शिकलेले तरुण या वेळी शेजारच्या कातकरी वाडीची यादी करतील काय? कोणते कुटुंब कोणत्या भट्टीवर आहे, हे एका वहीत लिहून प्रगणकाच्या हाती देतील काय? फेब्रुवारीत दारे बंद असतील हे आपल्याला आज ठाऊक आहे. बांधाला खांड पडणार हे ठाऊक असून जो हाकारा घालीत नाही, त्याला माझ्या आजोबांच्या काळात गावाने माफ केले नसते. आजोबा दुसऱ्यांच्या शेतासाठी ओरडत होते. आपल्याला आपल्या माणसांसाठी ओरडायचे आहे.

पेण आणि रोहे या गावांचा इतिहास पुढेमागे कोणी तरी पुन्हा लिहील. त्यात बंदर येईल, मीठ येईल, गणपती येतील, कारखाने येतील. त्याच्या हाती जो लोकसंख्येचा तक्ता पडेल त्यात आपण असू की नसू, हे मात्र तो लिहिणारा ठरवणार नाही. दाराशी प्रगणक येईल तेव्हा आतून चष्मा घेऊन कोण उठते, त्यावर ते ठरेल.